बिल्डर नको, मुलगाच असू दे

चाळीत कडी वाजवायची पद्धत नाही. सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा दारं उघडतात, ती रात्री निजायच्या वेळी लागतात. मधल्या वेळात ज्याला यायचं तो एक पाय आत टाकूनच "काय गो, आसस मां?" असं विचारतो. म्हणून त्या सकाळी कडी वाजली, तेव्हा ती आपल्याच दाराची असेल हे सुभद्राकाकींच्या ध्यानात आलं नाही.

ओट्याशी घावणे चालले होते. "बस, आता मला नको," असं मुलगा मयूर दर घावण्याला म्हणत होता आणि ताटातला संपला की पुन्हा तव्याकडे बघत होता. सून आकांक्षा ऑफिसचं ओळखपत्र शोधत होती. ते तिच्याच गळ्यात होतं. काकींचे यजमान दौलतराव जुन्या छोट्या टीव्हीवरच्या बातम्यांसमोर बसले होते. पडद्यावर चारजण एकाच वेळी बोलत होते, आणि दौलतराव पाचवे.

कडी पुन्हा वाजली. हलकेच, परक्या घरी वाजवतात तशी.

"राधाकाकी आहेत," आकांक्षा मान वळवून म्हणाली. "बाहेरच उभ्या राहिल्यात."

उलथनं हातात धरूनच काकी दाराशी आल्या. राधा, भिंतीला भिंत लागून राहणारी राधा, खरोखरच उंबऱ्याच्या पलीकडे उभी होती. हातात खवणी.

"कडी कित्याक वाजवतंस गो? दार बंद आसा काय?"

"ही तुमची खवणी," राधा म्हणाली. "आमचे हे आज नवीन आणणार आहेत. म्हटलं तुमची देऊन टाकावी."

सुभद्राकाकींना खवणी दिसलीच नाही, फक्त तो 'तुमची' ऐकू आला. राधा मालवणी सोडून शुद्ध बोलायला लागली की ती एकतर डॉक्टरकडे असते, नाहीतर रागावलेली असते. इथे डॉक्टर कोणी नव्हता.

"आत तरी ये. घावणो खा."

"नको. घरात कामं आहेत." आणि खवणी उंबऱ्यावर ठेवून राधा गेली. जायचं ते किती, चार पावलं. पण तिच्या दाराचा आवाज आला. तिने दार लावून घेतलं होतं. दिवसाउजेडी.

ही खवणी सुभद्राकाकींच्या आईने लग्नात दिलेली. लाकडी पाट, पुढे लोखंडी मान, आणि पाटाला बसून बसून आलेली चकाकी. राधाची खवणी कधीतरी मोडली, तेव्हा तिने दुसरी घेतली नाही, कारण गरजच नव्हती. खवणी या घरातून त्या घरात जायची आणि नारळ ज्याचा असेल त्याच्याकडे राहायची. सणाच्या दिवशी तर ती नेमकी कुणाकडे आहे हे दोघींनाही सांगता यायचं नाही. ती मागावी लागत नव्हती, म्हणून परत करायचाही कधी प्रश्न आला नव्हता.

"आई, घावणा करपला," मयूर म्हणाला.

काकींना कारण ठाऊक होतं. कारण आदल्या संध्याकाळचं होतं, आणि ते खोलीतच भिंतीशी, टेबलावर, चादरीखाली झाकून ठेवलेलं होतं. पण ते सांगायचं तर जरा मागे जायला हवं.

सुभद्राकाकी कुडाळकडच्या. वडील दशावतारी कंपनीत स्त्रीपार्टी करायचे. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कथा कोणती एवढं ठरतं, आणि मग रंगमंचावर उभं राहून ज्याने त्याने आपलं बोलणं आपणच रचायचं. छोटी सुभद्रा समोर बसलेली असायची आणि तिला रोज एकच कोडं पडायचं: काल द्रौपदी जे बोलली ते आज का नाही बोलली? वडील शेला घडी करता करता म्हणायचे, "बाय माझे, गोष्ट देवाची, बोलणा आपला." पुढे लग्न होऊन ती लालबागला आली. नवरा गिरणीत, मग गिरणी बंद, मग तो कुठे वॉचमन, कुठे प्यून. तिने घरी बसून मसाला कुटून दिला, साड्यांना फॉल लावले. यातलं काही तिला विशेष वाटत नाही. ती सांगते ते वेगळंच. समोरच्या चाळीतली मुलगी रोज खिडकीत येऊन कोणाला हात करायची, ते शेवटी कळलंच नाही, याची चुटपुट तिला अजून आहे. माणूस दिसलं की त्याच्या मागेपुढे काय असेल, हे शोधल्याशिवाय तिला चैन पडत नाही. दौलतराव म्हणतात, "हिला सीआयडीत घ्यायला हवी होती." त्यावर ती म्हणते, "सीआयडीवाल्याला चहा कोण विचारतो? मला विचारतात."

सून आली ती कोरियन मालिका घेऊनच आली. जेवणं झाली की आकांक्षा पाय पोटाशी घेऊन मोबाइल बघत बसायची, इअरफोनचं एकच बोंडूक कानात, दुसरं ओघळलेलं. खाली इंग्रजी अक्षरं पळत. शेजारी बसून काकी पावटे सोलायच्या आणि तिरप्या नजरेने बघायच्या. पहिले काही दिवस त्यांनी विचारलं, "ही का रडते गं?" आकांक्षा म्हणायची, "आई, थांबा ना, नंतर सांगते." हे 'नंतर' काही आलं नाही. मग काकींनी विचारायचं सोडलं आणि बघायला सुरुवात केली. भाषा येत नव्हती, अक्षरं वाचेपर्यंत पळत होती. पण चेहरे होते. दारात चपला काढणारी, मोठ्यांपुढे वाकणारी, ताटात वाढताना दुसऱ्याच्या भातावर आपला तुकडा ठेवणारी माणसं होती. हे काय कोणी समजावून सांगायला लागतं?

त्याच सुमारास पक्ष फुटला.

चाळीत सगळ्या भिंतींवर आजवर एकच कॅलेंडर असायचं. आता एका भिंतीवर एक, शेजारच्या भिंतीवर दुसरं. शाखेत बसणाऱ्या माणसांनी खुर्च्या उलट्या दिशांना वळवल्या. उत्सवाच्या वर्गणीवरून भांडण, मंडपाच्या जागेवरून भांडण, चाळीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता त्याचे दोन झाले, आणि दोन्हींचं नाव 'आपली चाळ'. दौलतराव या बाजूला राहिले, राधाचा नवरा जगदीश त्या बाजूला. दोघे रोज कॅरम खेळायचे. बोर्ड जगदीशच्या खोलीत उभा राहिला आणि सोंगट्या दौलतरावांच्या कपाटात. आपणहून कोणी कोणाचं काही देईना.

बाप्ये बोलेनात, त्याचं बायकांना फारसं नव्हतं. पण मग बायकाही गप्प झाल्या. नळावर हंडा भरेपर्यंत शब्द नाही. गॅलरीत दिवसभर बातम्यांचाच गलका, आणि माणसांचा आवाज नाही. एका संध्याकाळी तांदूळ निवडत दारात बसल्या असताना सुभद्राकाकींनी पलीकडे डाळ निवडणाऱ्या राधाला, कोणी विचारलेलं नसताना, जरा मोठ्यानेच सांगितलं, "काल त्या पोरीन काय केला म्हायत आसा? नवऱ्या मुलाक भर मांडवात सोडून गेली."

राधाचा हात थांबला. "खंयची पोरगी? आमच्यातली?"

"नाय गो. कोरियातली."

"मगे?" राधा म्हणाली.

त्या एका 'मगे'वर सगळं उभं राहिलं. गोष्टीला हुंकार देणारं कोणी नसेल तर गोष्ट पुढे सरकत नाही, हे काकींना वडिलांपासून माहीत. राधाचा हुंकार म्हणजे नुसता होकार नव्हता. ती 'मगे?' म्हणायची तेव्हा सांगणाऱ्याला वाटायचं, पुढचं आपल्यालाही आत्ताच कळणार आहे. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या खोलीतली शेजारीण मेथी घेऊन आली. चौथ्या दिवशी जिन्यापलीकडच्या आल्या. दोन्ही कॅलेंडरांच्या बायका एका गॅलरीत, आणि नियम एकच, तोही कोणी न सांगितलेला: इथे फक्त कोरिया.

तळमजल्यावरची प्रिती ड्यूटी संपवून तशीच जिना चढून यायची. ती परळच्या एका हॉस्पिटलात बिलिंगला. तिच्या घरी बाबासाहेबांचा फोटो, दारावर पंचशीलाचं तोरण, आणि जिभेवर कायम काहीतरी तिखट. बायका पक्षफुटीवरून उसासे टाकू लागल्या की ती म्हणायची, "तुमचा पहिल्यांदा फुटला म्हणून तुम्हाला एवढं जड जातंय. आमच्याकडे या. मी लहानपणापासून गट मोजतेय. सासरे एका गटात, चुलतसासरे दुसऱ्यात, आमचे हे कुठल्या गटात ते त्यांनाच विचारावं लागतं. पण चौदा एप्रिलची खीर एकाच पातेल्यात होते. काकी, तुम्ही पुढे सांगा."

काकी पुढे सांगायच्या. अशा किती मालिका झाल्या. हल्ली चालू होती ती एका छोट्या गावातली. एक पोरगी बस चालवायची; तिला सगळ्या 'ड्रायव्हरीण' म्हणायच्या. एक म्हातारी अंगणात मोठमोठ्या बरण्या मांडून बसायची आणि दिवसभर त्या पुसायची. आणि एक उंच पोरगा शहरातून येऊन रोज तिच्या दारात उभा राहायचा. तो लांब्या. काकींच्या सांगण्याप्रमाणे लांब्या हा म्हातारीचा मुलगा. लहानपणी घर सोडून गेलेला. आता परत आलाय, रोज कागदांत गुंडाळून काहीतरी आणतो, वाकून नमस्कार करतो, म्हातारी घेत नाही. तिचा राग जात नाही.

"रोज येतो?" राधा विचारायची.

"रोज. आणि रोज तेवढाच वाकतो."

"मगे? घेतल्यान काय नाय घरात?"

"आज नाय."

साऱ्या गॅलरीने त्या लांब्यासाठी जीव टाकला होता. एकीने तर नवस बोलायचं मनात आणलं होतं. कोणत्या देवाला बोलावा हे न कळल्यामुळे राहिला.

आता आदली संध्याकाळ. महापालिकेच्या निवडणुकीचं वारं वाहायला लागलं होतं. आचारसंहिता लागायच्या आत ज्याला जे वाटायचं ते वाटून होत होतं. हेरंब दोन पोरांना घेऊन आला आणि सुभद्राकाकींच्या दारात भलामोठा खोका उतरवला. हेरंब याच चाळीत वाढलेला, काकींच्या हातचे घावणे खाल्लेला. आता दौलतरावांच्या बाजूच्या शाखेत तो सगळं बघायचा.

"काकी, तुम्ही सगळ्या जणी छोट्या मोबाइलवरची गोष्ट तोंडी ऐकता. साहेबांना कळलं. म्हणाले, आपल्या भगिनींना मोठा टीव्ही पाहिजे."

साहेबांना कळलं! काकी हरखल्या. खोटं कशाला बोला, त्या हरखल्याच. एवढ्या मोठ्या पडद्यावर म्हातारीच्या बरण्यांत काय आहे ते एकदा दिसेल, हा विचार त्यांच्या मनात पहिला आला. पडद्याच्या कोपऱ्यात साहेबांचा हसरा चेहरा नि खाली चिन्ह चिकटवलेलं होतं, ते त्यांना दिसलं; पण ते काय, वाण्याच्या पिशवीवरही असतं.

टीव्ही दाराकडे तोंड करून मांडला. बायका जमल्या, खोलीत मावल्या तेवढ्या आत, उरलेल्या गॅलरीत. राधा आपली मागे, कठड्याशी. काकींनीच तिला हाताला धरून ओढलं. "अगो, फुडे ये. तुझ्याशिवाय गोष्ट होता काय?" राधा "नको गो" म्हणत मधोमध येऊन बसली.

हेरंब म्हणाला, "एक मिनिट, टीव्हीकडे नको, माझ्याकडे बघा सगळ्यांनी." त्याच वेळी प्रिती काहीतरी बोलली, राधा तोंड उघडून हसली, आणि फोटो निघाला.

मग मालिका लागली, ती हिंदीत. माणसं तीच, पण ती घडाघड हिंदी बोलत होती. लांब्या दारात आला, वाकला, कागदांची गुंडाळी पुढे केली आणि म्हणाला की माताजी, कंपनीने रक्कम वाढवली आहे, जमिनीच्या कागदांवर सही करून टाका.



"अगं बाई," तिसऱ्या खोलीतली म्हणाली, "हा तर बिल्डरचा माणूस!"

सगळ्यांनी एकदम काकींकडे पाहिलं. आकांक्षा ऑफिसातून नुकतीच आली होती, ती पर्स खांद्यावरच ठेवून बघत राहिली. "आई, तुम्ही इतके दिवस ह्यांना काय सांगत होतात? तो मुलगा नाहीच आहे!"

"लालबागमध्ये राहून बिल्डरचा माणूस ओळखला नाहीत, काकी?" प्रितीने डोक्याला हात लावला.

"बिल्डरचा माणूस एवढा वाकून नमस्कार करतो कुठे?" काकी म्हणाल्या. "आपल्याकडे आलेला एक तरी वाकला होता का?"

यावर जो हशा झाला तो रस्त्यापर्यंत गेला असेल. राधा तर पदराने डोळे पुसत होती. अशी संध्याकाळ कित्येक महिन्यांत झाली नव्हती. जेवणाच्या वेळेपर्यंत हेरंबने फोटो सगळीकडे टाकला होता. वर लिहिलं होतं: 'चाळीतील समस्त महिला भगिनींचा जाहीर पाठिंबा.' मधोमध राधा, तोंड उघडून हसणारी. तिच्या डोक्याच्या अगदी वर साहेबांचा चेहरा.

जगदीशला त्याच्या शाखेत त्या रात्री कोणकोण काय बोललं ते भिंतीपलीकडून काकींना कळलं नाही. एवढंच ऐकू आलं, "तुला जरा तरी अक्कल आहे का?" सकाळी खवणी परत आली.

पुढचे दिवस टीव्ही जोरात चालला आणि बैठक अडखळत. त्या बाजूच्या घरांतल्या बायकांना बरोबर याच वेळेला बाजारात जायचं सुचू लागलं. ज्या आल्या त्या दोन-तीन दिवस बघत बसल्या. हिंदीत म्हातारी लांब्याला कायद्याच्या गोष्टी सांगत होती, लांब्या तिला टक्केवारी. तिसऱ्या खोलीतली शेवटी जांभई देऊन म्हणाली, "काकी, हा आवाज बंद करा बघू. बिल्डर आम्ही रोजचाच बघतो. बिल्डर नको. मुलगाच असू दे. तुम्ही सांगा."

"अगं, पण खरं तर तो..."

"खरं राहू दे तिकडे. खऱ्याने काय होतंय?"

आवाज बंद झाला. काकींनी पडद्याकडे पाहिलं. लांब्या ओठ हलवत होता. त्या सांगू लागल्या, की आज त्याने आणलीय ती आईची जुनी शाल... आणि थांबल्या. 'मगे?' कोणी म्हटलंच नाही. आवडत होतं, ऐकत होत्या सगळ्या, पण हुंकार नाही. काकींनी वाक्य कसंबसं पुरं केलं. उलट्या हंड्यावर बसल्यासारखं वाटत होतं. जरा हललं की तोल जाईल.

चार भिंतींतल्या एका भिंतीपलीकडे राधा होती. तिच्या कुकरच्या शिट्या ऐकू येत होत्या, नव्या खवणीची खरखर ऐकू येत होती. नवी खवणी फार आवाज करते, हे काकींच्या लक्षात आलं. राधाला गेल्या वर्षी चक्कर आली होती तेव्हा ही भिंत ठोकूनच तिने बोलावलं होतं. पुन्हा तसं झालं तर ती ठोकेल का? की कडी वाजवायला बाहेर येईल?

एक दिवस प्रिती आली ती न बसताच काकींच्या कानाशी लागली. "जिन्यात राधाकाकी भेटल्या. इकडेतिकडे बघून मला विचारतात, 'म्हातारीन लांब्याक घरात घेतल्यान काय गो?'"

काकींचा चेहरा उजळला. "तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, काकी, तो बिल्डरचा माणूस आहे. तर माझ्यावरच डाफरल्या. म्हणाल्या, 'गप ऱ्हव. सुभद्रा सांगता तोच खरा.'"

त्या संध्याकाळी काकींनी गोष्ट सांगितली नाही. डोकं दुखतंय म्हणाल्या. बायका गेल्यावर त्या टीव्हीसमोर बसून राहिल्या, बंद टीव्हीसमोर. काळ्या पडद्यात त्यांच्या त्याच दिसत होत्या, आणि कोपऱ्यात साहेब हसत होते. फोटोला म्हणूनच आणला होता तर, त्यांच्या मनात आलं. आणि राधाला पुढे ओढली कोणी? हेरंबने नाही.

"अहो," त्या दौलतरावांना म्हणाल्या, "हेरंबला उद्या बोलवा. टीव्ही घेऊन जाऊ दे."

दौलतरावांनी जुन्या टीव्हीवरच्या बातम्यांचा आवाज कमी केला. ही त्यांच्या परीने मोठीच गोष्ट. "डोकं फिरलंय का? पक्षाने दिलेली वस्तू. शाखेत मला तोंड दाखवायचंय."

"शाखेत तोंड रोज दाखवता. कॅरम किती दिवसांत खेळला नाहीत?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"सोंगट्या कपाटात ठेवून काय त्यांची पिल्लं होणार आहेत?"

दौलतरावांनी एकदा कपाटाकडे पाहिलं. बातम्यांचा आवाज पुन्हा वाढवला नाही. जरा वेळाने म्हणाले, "त्या पोराला वाईट वाटेल एवढं बोलू नकोस. आपलाच आहे."

हेरंब आला तो घामाघूम. आत येऊन खाटेच्या कडेला बसला. "काकी, काय चुकलं? चॅनल दिसत नाहीत का? दुसरा आणू?"

"चुकलं काही नाही, बाबा. घावणा खा. टीव्ही चांगला आहे. पण तो फार बोलतो. मला मधे बोलायला जागाच नाही."

"आवाज बंद करता येतो की."

"चेहऱ्याचा आवाज बंद होत नाही ना." काकींनी कोपऱ्यातल्या चिकटवलेल्या साहेबांकडे हनुवटीने दाखवलं. "हे असताना अर्ध्या जणी यायच्या बंद झाल्या. आमची खोली केवढी, त्यात आम्ही आणि साहेब मावत नाही."

हेरंब हसला, मग गंभीर झाला. "पण मी वर काय सांगू? म्हणतील, काकी फुटल्या."

"सांग, सुभद्राकाकी पहिल्यापासून कोरियाच्या बाजूने आहे."

"आणि मतदानाला?"

"मतदान पुठ्ठ्याच्या आड असतं, राजा. तिथे फोटो काढत नाहीत. तो तुझा फोटो मात्र आजच काढून टाक. राधाचा चेहरा कोणाच्या प्रचाराला दिलेला नाही."

हेरंबने त्यांच्यासमोरच मोबाइल काढून फोटो पुसला. ज्यांच्याकडे गेला त्यांच्याकडे गेलाच होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण पुसताना त्याने मान खाली घातली होती, ते काकींना पुरलं. दोन पोरांनी टीव्ही उचलून जिन्याने खाली नेला. गॅलरीतली दारं एकेक करून किलकिली झाली. राधाचं दार बंदच होतं, पण दारामागे बांगड्या वाजल्या.

दुपार कलली तशी सुभद्राकाकींनी खवणी उचलली, पदराने पुसली आणि चार पावलं चालून राधाच्या दाराशी आल्या. दार लोटलेलं होतं, कडी लावलेली नव्हती. काकींचा हात कडीकडे गेला, तो त्यांनी मागे घेतला. दार ढकललं, चपला काढल्या आणि सरळ आत गेल्या.

राधा ओट्याशी होती. जगदीश खुर्चीत, वर्तमानपत्र तोंडासमोर धरून. काकींनी कोणाला काही न विचारता ओट्याखाली पाहिलं, नवी खवणी बाजूला सारली आणि आपली तिच्या जागेवर ठेवली. मग जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या, रोज बसत असल्यासारख्या.

"टीव्ही गेला म्हणे," वर्तमानपत्राआडून जगदीश म्हणाला.

"गेला, भावजी."

"पक्षाचा होता ना?"

"पक्षाचाच. म्हणूनच गेला. राधाला मी ओढून पुढे बसवली होती, ती स्वतः नव्हती आली. बोलायचं असेल तर मला बोला."

वर्तमानपत्र हललं नाही. राधाने डाळीची परात घेतली, जरा घुटमळली आणि काकींपासून हातभर अंतरावर येऊन बसली. दोघी डाळ निवडायला लागल्या. बाहेर कोणाचा तरी रेडिओ, खाली भंगारवाल्याची हाळी. काकी सांगू लागल्या, अगदी हळू, डाळीकडे बघत. त्या दिवशी लांब्या आला नाही. म्हातारी नेहमीसारखी बरण्या पुसायला बसली. एक पुसली, दुसरी पुसली, आणि मग तिने मान वर करून दाराकडे पाहिलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. तिने तीच बरणी पुन्हा पुसली. पुन्हा पाहिलं. रोज येतो म्हणून रागावता येत होतं. आज आलाच नाही तर रागावायचं कोणावर?

काकी थांबल्या. राधाचे डोळे डाळीत होते, पण बोटं थांबली होती.

"मगे?" वर्तमानपत्रामागून आवाज आला.

राधाने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. जगदीशने वर्तमानपत्र खाली केलं नाही. नुसतं पान उलटलं, आणि तेही उलट्या बाजूला.

"मगे काय, भावजी," काकी म्हणाल्या, "ती उठली. चप्पल पायात अडकवली नि त्याला बघायला रस्त्यावर गेली. भेटला की नाही ते मला अजून ठाऊक नाही. आकांक्षा रात्री लावेल तेव्हा बघेन."

"खोटा बोलतंस," राधा म्हणाली. किती दिवसांनी मालवणीत. "तुका म्हायत आसा. तूच रचतंस सगळा, प्रिती सांगत होती."

"रचते थोडं. पण भेटला की नाही ते मला खरंच नाही ठाऊक."

राधाला हसू आवरेना, आणि ते दिसू नये म्हणून ती परातीवर वाकली. डाळ निवडून झाली होती. काकी गुडघ्यावर हात टेकून उठल्या. पलीकडे उभ्या कॅरम बोर्डावर जगदीशचे टॉवेल वाळत घातले होते, ते त्यांनी पाहिलं आणि तसंच राहू दिलं. ती बाप्यांची गोष्ट, त्यांची त्यांनी सांगावी. दारात चपला घालताना त्या वळल्या.

"राधा, संध्याकाळी यायचं की नाही ते तुझं तू ठरव. आलीस तर बरंच, नाही आलीस तरी मी काही विचारणार नाही. माझं एवढंच मागणं आहे. माझ्या दाराची कडी पुन्हा वाजवू नको."